लोण्याचा वास आणि बंद होत गेलेल्या श्वासनलिका : जॅस्परच्या पॉपकॉर्न कारखान्याचा तपास

मे २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या आरोग्य खात्याला एका डॉक्टरांनी कळवलं की, एकाच कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना एकच दुर्मीळ आजार झालेला दिसतो. डॉ. ॲलन पार्मेट हे कॅन्सस सिटीतले कामामुळे होणाऱ्या आजारांचे डॉक्टर. आठही जण १९९२ ते २००० या काळात कधी ना कधी जॅस्पर नावाच्या लहानशा गावातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात कामाला होते. त्यातल्या चौघांची नावं फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत लागलेली होती.

यंत्रात सापडून कामगार दगावला तर त्याच दिवशी पोलीस येतात, पंचनामा होतो, कारखाना निरीक्षकाला कळवावं लागतं. मशीन बंद राहतं, लोक साक्ष देतात. फुफ्फुसाच्या आजाराने जाणाऱ्या कामगाराच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तोवर त्याने काम सोडलेलं असतं, तो गावी परतलेला असतो किंवा दुसऱ्या शहरात लेकीकडे राहत असतो. मृत्यूच्या दाखल्यावर 'जुना दमा' किंवा 'श्वसनक्रिया बंद पडल्याने' एवढंच येतं आणि कारखान्याचं नाव त्या कागदाला शिवतही नाही. जॅस्परचं प्रकरण मी कामगार-आरोग्याच्या प्रत्येक वर्गात मांडतो ते यासाठीच. इथे कारखान्याचं नाव कागदावर आलं, आणि ते कसं आलं याच्या बहुतेक पायऱ्या नोंदवलेल्या आहेत.

आजार काय होता

आपल्या फुफ्फुसात श्वासनलिकेला फांद्या फुटत जातात आणि शेवटी अगदी बारीक, एक-दोन मिलिमीटरच्या नळ्या उरतात. या नळ्यांच्या भिंतीत कूर्चा नसते. आतलं अस्तर जळलं आणि ते भरून येताना तिथे व्रण धरला, की नळी आतून आवळत जाते आणि काही ठिकाणी पार बुजते. हाच ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, छाती फुगलेली राहते, माणूस दोन जिने चढला की धापा टाकतो, पुढे पुढे आंघोळ करतानाही त्याला दम लागतो.

हा आजार डॉक्टरांना फसवतो. छातीचा साधा एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. खोकला आणि धाप आहे, म्हणून दमा धरून इन्हेलर सुरू होतो. फुंकर चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा कमी भरते, त्यामुळे दम्याचा संशय आणखी पक्का होतो. फरक कळतो तो औषध दिल्यानंतर. दमेकऱ्याचा आकडा औषधाने वर चढतो, या रुग्णांचा जागचा हलत नाही. शिवाय कामामुळे होणारा दमा सुटीत बरा वाटतो आणि कामावर गेल्यावर पुन्हा उसळतो, तसला कुठलाही ताल या आजाराला नाही. त्यामुळे रुग्णाला स्वतःलाही कामाचा संशय येत नाही. जॅस्परच्या कामगारांनाही आधी दमा, न्यूमोनिया, धूम्रपानामुळे होणारा जुनाट श्वसनविकार अशीच निदानं मिळाली होती.

एरवी हा आजार दिसतो तो प्रत्यारोपित फुफ्फुस शरीराने नाकारलं तर, किंवा विषारी वायूचा मोठा लोट एकदम छातीत गेला तर. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर वायुग्रस्तांमध्ये बारीक श्वासनलिकांचं असंच नुकसान झालेलं आढळलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णांच्या फुफ्फुसांचा अभ्यास केला होता. जॅस्परमध्ये मात्र कसलीही गळती झाली नव्हती, कुठली टाकी फुटली नव्हती. तिथे रोज हवेत असायचा तो गरम लोण्याचा खमंग वास.

एका छातीच्या डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण येतात. वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलेले हे आठ जण आठ वेगळ्या फायलींत राहिले असते, तर प्रत्येक फाईल म्हणजे एका दुर्दैवी माणसाची कहाणी ठरली असती. पार्मेट यांच्याकडे कागद आले ते कामगारांच्या वकिलामार्फत, एकत्र. त्यांनी पाहिलं ते हे लोक कमवायला कुठे जात होते हे, आणि मग खात्याला कळवलं. आजाराचं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. कारण कळण्याआधीच कळवणं, हे या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारखान्याच्या आत

मिसुरी राज्याने ऑगस्ट २००० मध्ये नायॉशकडे मदत मागितली. नायॉश ही अमेरिकेची कामगार सुरक्षा आणि आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था. ती दंड करत नाही, खटले भरत नाही. कामगार, संघटना, मालक किंवा सरकारी खातं यांपैकी कुणीही बोलावलं की जागेवर जाऊन तपास करणं आणि शिफारशी लिहून देणं हे तिचं काम. दंड करणारी ओशा ही यंत्रणा वेगळी. हा फरक कामाचा आहे, कारण शास्त्रज्ञ आत आले म्हणजे लगेच कोर्टकज्जा, अशी भीती मालकाला वाटली तर दार उघडायलाच वेळ जातो.

जॅस्परमधलं काम समजायला सोपं होतं. सोयाबीनचं तेल मोठ्या टाकीत तापवायचं, त्यात मीठ, रंग आणि लोण्याच्या स्वादाचं द्रव्य ओतायचं, ढवळायचं, आणि ते मिश्रण नळीने पॅकिंगच्या ओळींकडे पाठवायचं. तिथे पिशवीत मक्याचे दाणे आणि हे मिश्रण पडतं, पिशवी सील होते, खोक्यात जाते. टाकीवर काम करणारा मिक्सर स्वादाच्या बादल्या उचलून गरम तेलात रिकाम्या करायचा आणि झाकण उघडून आत डोकावायचा. मिश्रण नीट झालंय की नाही हे डोळ्यांनीच पाहायचं असे. टाकीपासून पॅकिंगच्या ओळी ५ ते ३० मीटरवर होत्या. टाकीची वाफ मिक्सरच्या तोंडावर यायची आणि उरलेली सगळ्या हॉलभर पसरायची.

आठ रुग्णांपैकी चार मिक्सर होते आणि चार पॅकिंगमधले. आकडे सारखे दिसतात, पण मिक्सर मुळात मूठभर आणि पॅकिंगवाले कितीतरी जास्त. मूठभरांतले चार म्हणजे टाकीजवळचा धोका अनेक पटींनी मोठा. प्रयोगशाळेत काहीही जाण्याआधी, नुसत्या हजेरीपुस्तकावरून एवढं कळलं होतं.

नोव्हेंबर २००० मध्ये डॉ. कॅथलीन क्राइस यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने त्या वेळी कामावर असलेल्या १३५ पैकी ११७ जणांची तपासणी केली. प्रत्येकाला प्रश्न विचारले, प्रत्येकाकडून फुंकर मारून घेतली. मग प्रश्न आला तुलनेचा. शंभरेक माणसांत इतक्यांना खोकला आहे, हे जास्त की कमी? त्यासाठी त्यांनी देशभरच्या आरोग्य सर्वेक्षणातले आकडे घेतले आणि वय, धूम्रपान वगैरे जमेस धरून ताडून पाहिलं. जुना खोकला आणि धाप अपेक्षेच्या २.६ पट निघाली. श्वासनलिका अरुंद झाल्याचं प्रमाण ३.३ पट. आणि ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती, त्यांच्यात हेच प्रमाण १०.८ पट.

शेवटचा आकडा मी वर्गात फळ्यावर मोठा लिहितो. कामगाराच्या फुफ्फुसाचा विषय निघाला की पहिलं उत्तर 'तो विडी ओढायचा' हे असतं. मालक म्हणतो, विमा कंपनी म्हणते, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. धूम्रपान न करणाऱ्यांचा वेगळा हिशोब मांडला की हे उत्तर तिथल्या तिथे बाद होतं. कुठल्याही कारखान्यात फुप्फुस-तपासणी करणाऱ्याने हा वेगळा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवावा.

यात आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तपासणी झाली ती त्या दिवशी कामावर असलेल्यांची. मूळचे आठ जण तर काम सोडून गेलेले होते. ज्याला बादली उचलवत नाही तो कामावर टिकतच नाही, त्यामुळे आत उरतात ते धडधाकट, आणि त्यांना मोजलं की कारखाना आहे त्यापेक्षा निरोगी दिसतो. अशी चाळणी लागल्यानंतरही आकडे इतके चढे आले, याचा अर्थ खरं नुकसान त्याहून मोठं होतं. आपल्याकडे वार्षिक तपासणीचं शिबिर भरवून 'सर्व कामगार निरोगी' असा अहवाल फाईलला लावला जातो, तेव्हा गेल्या पाच वर्षांत कोण कोण काम सोडून गेलं आणि का, हे विचारलं जात नाही. कंत्राटी कामगार असतील तर त्यांची नावंही कारखान्याकडे नसतात, ठेकेदाराच्या वहीत असतात, आणि ठेकेदार बदलला की वहीही जाते.

शंभर वायूंतून एक

हवेचे नमुने घेतले तेव्हा त्यात शंभराहून जास्त प्रकारची बाष्पशील रसायनं सापडली. स्वादाचं द्रव्य म्हणजे अनेक रसायनांचं मिश्रण, आणि त्याची कृती पुरवठादाराचं व्यापारी गुपित. यातलं नेमकं कोणतं रसायन फुफ्फुस जाळतंय हे पहिल्या फेरीत सांगणं शक्य नव्हतं. पथकाने एक व्यवहारी निर्णय घेतला. लोण्याच्या वासात डायअसेटिल हे सगळ्यात ठळक रसायन, ते हवेत भरपूर होतं आणि मोजता येत होतं. तेव्हा त्यालाच मोजपट्टी धरायचं. डायअसेटिल खऱ्या लोण्यातही नैसर्गिकरीत्या असतं. खाद्यपदार्थात वापरायला अमेरिकेत ते सुरक्षित मानलेलं होतं. पण ती परवानगी होती पोटासाठी, तीही अगदी थोड्या प्रमाणात. गरम वाफेतून दिवसाचे आठ तास ते छातीत गेलं तर काय होतं, हा प्रश्न त्या परवानगीच्या कक्षेत आलेलाच नव्हता.

मिक्सिंगच्या खोलीत डायअसेटिलची सरासरी सुमारे ३८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग) निघाली, पॅकिंगमध्ये ती २ पीपीएमच्या आत होती. मग प्रत्येक कामगाराने कोणत्या जागी किती काळ काम केलं हे काढून, त्या जागेच्या हवेतलं प्रमाण आणि तिथला काळ यांचा गुणाकार करून, प्रत्येकाच्या नावावर एकूण किती डायअसेटिल जमा झालं ते मांडलं. त्या क्रमाने कामगारांचे चार गट पाडले. जसजसं वरच्या गटात जावं तसतशी श्वासनलिका अरुंद झालेल्यांची संख्या वाढत होती आणि आजाराची तीव्रताही. हा अभ्यास ऑगस्ट २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला.

नायॉशच्या मॉर्गनटाउनमधल्या प्रयोगशाळेत ॲन हब्ज आणि सहकाऱ्यांनी उंदरांना तापवलेल्या लोणी-स्वादाची वाफ सहा तास हुंगायला दिली. नाकाच्या आणि श्वासनलिकांच्या आतलं अस्तर मेलेलं आढळलं. पुढे नुसतं डायअसेटिल देऊनही तसंच नुकसान दिसलं, तेव्हा मोजपट्टी म्हणून धरलेलं रसायन स्वतःच गुन्हेगार आहे हे पुढे आलं.

या तपासातला सगळ्यात बोलका कोपरा म्हणजे गुणवत्ता तपासणीची खोली. तिथे बादली नव्हती, टाकी नव्हती. काही मायक्रोवेव्ह भट्ट्या, आणि त्यांच्यासमोर काम करणारे सहा जण. ओळीवरून पिशवी घ्यायची, फुलवायची, उघडायची, न फुललेले दाणे मोजायचे, आणि पुढची पिशवी. एकेक जण एका पाळीत शंभरेक पिशव्या उघडायचा. घरी सगळेच करतात ते हे काम, कारखान्यातलं सगळ्यात सोपं आणि स्वच्छ. इथली हवेतली सरासरी मिक्सिंगच्या खोलीच्या जवळपासही जात नव्हती. तरी सहापैकी पाच जणांच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या निघाल्या. पिशवी फाडल्याक्षणी नाकासमोर उठणारा गरम वाफेचा झोत आठ तासांच्या सरासरीत विरून जातो, पण छातीला तो लागतोच. हवेची मोजणी करताना नळी भिंतीला टांगून दिवसाची सरासरी काढणं पुरेसं नसतं. कामगाराचं तोंड नेमकं कुठे असतं, कोणत्या क्षणी असतं, तिथे मोजावं लागतं.

थांबले नाहीत

उंदरांचे निकाल छापून येईपर्यंत, गुन्हेगार पक्का ठरेपर्यंत काहीच करू नये असं म्हणणारा कुणीतरी प्रत्येक तपासात असतो. नायॉशने अभ्यास चालू असतानाच कारखान्याला शिफारशी द्यायला सुरुवात केली. टाकीवर झाकण आणि वाफ जागीच ओढून घेणारा एक्झॉस्ट. मिक्सिंगची खोली भिंतीने वेगळी, आणि तिथला हवेचा दाब आजूबाजूपेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. स्वाद बादलीने ओतण्याऐवजी बंद नळीने. हे सगळं बसेपर्यंत मिक्सिंगमध्ये जाणाऱ्यांना सेंद्रिय वाफ अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क. नाकाला बांधायचा कापडी किंवा कागदी मास्क इथे काडीच्या कामाचा नाही, कारण वाफ त्यातून सरळ आत जाते. आणि सगळ्यांची ठरावीक काळाने पुन्हा फुंकर चाचणी.

फुंकर चाचणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. एकदाच केलेल्या चाचणीत 'नॉर्मल' आलं म्हणजे सगळं ठीक असं नसतं. एखाद्या तगड्या मुलाची क्षमता मुळातच अपेक्षेच्या ११५ टक्के असेल, तर ती ८५ वर घसरली तरी अहवालात 'नॉर्मल'च छापून येतं. त्याने फुफ्फुसाची चौथाईहून जास्त ताकद गमावलेली असते आणि कागद म्हणतो काही झालं नाही. म्हणून कामावर रुजू होतानाचा आकडा जपून ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच माणसाच्या त्या पहिल्या आकड्याशी ताडायचा. या आजारात बुजलेली नळी परत उघडत नाही. वेळीच त्या हवेतून बाहेर काढलं तर घसरण बहुधा थांबते, गेलेलं मात्र परत येत नाही.

ऑगस्ट २००३ पर्यंत जॅस्परमध्ये आठ वेळा तपासण्या झाल्या आणि त्यात एकूण ३७३ कामगार कधी ना कधी सहभागी झाले. मिक्सिंगच्या खोलीतलं डायअसेटिल या काळात अनेक पटींनी खाली आलं. म्हणजे जी वाफ वर्षानुवर्षं लोकांच्या छातीत जात होती, ती अडवायला कुठलंही नवं शास्त्र लागलं नाही. झाकण, भिंत, पंखा आणि नळी एवढ्यावर काम झालं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड येते ती इथे.

आणि चीड आणखी एका गोष्टीची. १९८५ मध्येच नायॉशने इंडियाना राज्यात बेकरीसाठी स्वादमिश्रणं बनवणाऱ्या एका कारखान्याचा तपास केला होता. तिथे दोन तरुण, आधी ठणठणीत असलेल्या कामगारांना असाच न सुटणारा श्वासाचा अडथळा झाला होता. कामाशी संबंध असावा असं वाटलं, पण कोणतं द्रव्य हे ठरलं नाही, आणि धागा तिथेच सुटला. मिश्रणाच्या पदार्थांत लोण्याचा स्वादही होता. दोन रुग्ण हे आकडेशास्त्राला पुरत नाहीत हे खरं. पण तरुण, निरोगी, एकाच खोलीत काम करणारे दोघं आणि इतका दुर्मीळ आजार, एवढं सगळं जुळल्यावर देशभरच्या स्वाद-कारखान्यांत चौकशी व्हायला हवी होती. ती झाली असती तर जॅस्परचे आठ जण बहुधा वाचले असते.

कायदा कुठे पोचला

डिसेंबर २००३ मध्ये नायॉशने स्वाद बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या सगळ्या कारखान्यांसाठी इशारा-पत्रक काढलं. इतर पॉपकॉर्न कारखान्यांत तपासण्या झाल्या आणि तिथल्या मिक्सरांमध्येही हाच आजार निघाला. कॅलिफोर्नियात थेट स्वाद बनवणाऱ्या कारखान्यांत रुग्ण सापडले. मार्च २००४ मध्ये मिसुरीतल्याच जॉप्लिन शहरातल्या ज्युरीने जॅस्परच्या एका कामगाराला आणि त्याच्या पत्नीला स्वाद पुरवणाऱ्यांकडून २ कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला. त्यानंतर मोठ्या पॉपकॉर्न कंपन्यांनी २००७ मध्ये डायअसेटिल काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. कोर्टाच्या निकालाने जे घडलं ते नियमाने घडलं नव्हतं.

कारण नियम आलाच नाही. २००६ मध्ये कामगार संघटनांनी ओशाकडे तातडीच्या नियमाची मागणी केली, ती नाकारली गेली. सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने ओशाला भाग पाडणारं विधेयक मंजूर केलं, सिनेटमधून ते पुढे सरकलं नाही. कॅलिफोर्निया राज्याने डिसेंबर २०१० मध्ये स्वतःपुरता नियम केला. नायॉशने २०१६ मध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी ५ पीपीबीची मर्यादा सुचवली. पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग. जॅस्परच्या मिक्सिंग खोलीतली हवा या मर्यादेच्या साडेसात हजार पट होती. आणि दमट हवेत मोजणीची त्या वेळची पद्धत खरं प्रमाण कमी दाखवते हे नंतर कळलं, म्हणजे हाही आकडा कमीच. पण नायॉशची मर्यादा ही सूचना आहे. देशभर लागू होणारी, दंड बसेल अशी ओशाची मर्यादा डायअसेटिलसाठी आजतागायत नाही.

पुढच्या काळात संशोधकांनी पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांच्या मृत्यूच्या नोंदीही तपासल्या. जुनाट श्वसनविकाराने झालेले मृत्यू अपेक्षेच्या साधारण चौपट निघाले. संख्या लहान होती, पण यातली खुबी वेगळी आहे. त्या दाखल्यांवर कारण म्हणून लिहिलेलं होतं ते तेच सर्वसाधारण नाव, ज्याकडे पाहून कुणालाही वाटावं की माणूस सिगारेटने गेला. दाखले एकेक करून वाचले तर काहीच दिसत नाही. कामगारांची यादी हाती घेऊन तिच्यावरून दाखल्यांकडे गेलं तरच दिसतं.

डायअसेटिल गेलं तरी लोण्याचा वास हवाच होता. कित्येकांनी त्याच्या जागी २,३-पेंटानेडायोन आणलं, रचनेने डायअसेटिलचंच भावंड, एका कार्बनचा फरक. लेबलवर 'डायअसेटिल-मुक्त' छापता आलं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानेही श्वासनलिका तशाच जाळल्या, आणि २०१६ च्या शिफारशीत त्याचीही मर्यादा घालावी लागली. घातक पदार्थाऐवजी दुसरा वापरा, ही सुरक्षेच्या पुस्तकातली अगदी वरची पायरी. पण दुसऱ्याची चाचणी कामगारांच्या छातीवर होणार असेल तर तिला सुरक्षा म्हणता येत नाही.

नंतर टेक्सासमधल्या एका कॉफी कारखान्यात हाच आजार सापडला. तिथलं पहिलं वृत्त २०१३ मध्ये आलं. तिथे कॉफीला कृत्रिम स्वाद दिला जात होता. पुढे तपासताना कळलं की साधी, बिनस्वादाची कॉफी भाजून दळली तरी डायअसेटिल आणि त्याचं भावंड दोन्ही आपोआप तयार होतात आणि दळल्यावर जोरात बाहेर पडतात. जॅस्पर झालं नसतं, तर कॉफी भाजणाऱ्या कारखान्यात हा वायू मोजायचं कुणाला सुचलंही नसतं.

आपल्या दाराशी

आपल्याकडे वेफर, कुरकुरीत नमकीन, बिस्किटं, आइस्क्रीम, चवीची सुपारी यांना स्वाद लावणारे लहानमोठे कारखाने गल्लोगल्ली आहेत. डबा उघडायचा, मापाने ओतायचं, गरम तेलात किंवा फिरत्या ड्रममध्ये ढवळायचं हेच काम, बहुतेक ठिकाणी बंद खोलीत, एका लहान पंख्यावर. 'खायचंच तर आहे' हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८९ ने कामामुळे झालेला आजार कळवण्याची जबाबदारी व्यवस्थापक आणि उपचार करणारा डॉक्टर दोघांवर टाकली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही तीच पद्धत ठेवली. दोन्हींचा पाया म्हणजे परिशिष्टातली आजारांची यादी. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस तीत आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांमधल्या बिसिनोसिसवर डॉ. कामतांच्याच गटाने केईएममध्ये काम केलं होतं, कापसाच्या धुळीने छाती भरलेले ते कामगार निदान यादीतल्या आजाराचे तरी होते. पण यादी नेहमी मागच्या मृत्यूंवरून बनते. जॅस्परचा आजार मे २००० मध्ये कुठल्याच यादीत बसला नसता, आणि यादीत नाही म्हणून न कळवणारा डॉक्टर कायद्याच्या भाषेत निर्दोष ठरला असता.

म्हणून छातीच्या आणि साध्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांकडे माझं एक मागणं आहे. चाळिशीच्या आतला माणूस, विडी-सिगारेट नाही, इन्हेलरने आकडा हलत नाही, असा रुग्ण आला की केसपेपरवर 'नोकरी' एवढं लिहून सोडू नका. कोणता कारखाना, कोणती खोली, हाताखाली काय जातं, वास कसला येतो, किती वर्षं, आणि बरोबरच्यांपैकी आणखी कुणाला दम लागतो का, हे लिहा. दुसरा तसाच रुग्ण त्याच पत्त्यावरून आला तर तिसऱ्याची वाट न पाहता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पत्र टाका. पत्रात कारण लिहायची गरज नाही. 'या जागी काम करणाऱ्या दोघांना हे झालं आहे, हवा तपासावी' एवढा मजकूर पुरतो.

कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याने स्वादाच्या प्रत्येक डब्याबरोबर येणारं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावं आणि त्यात श्वासावाटे काय होतं हा रकाना वाचावा. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असं छापलेलं असेल, तर तो डबा उघड्या टाकीवर न ओतता एक्झॉस्टखाली ओतायचा, आणि ओतणाऱ्याची फुंकर चाचणी त्याने पहिला डबा उघडायच्या आधी करून तो आकडा त्याच्या नावावर ठेवायचा.